सोलापुरात पाहुण्यांसाठी फिश पाई: सॉसला पाणी का सुटतं आणि काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी रात्री मिस्टरांच्या ऑफिसातली १० माणसं जेवायला येणार, तुम्हाला फिश पाई करायचीय (म्हणजे दुधा-मैद्याच्या पांढऱ्या सॉसमध्ये मासा, वर बटाट्याचा नाहीतर पेस्ट्रीचा थर, आणि ओव्हनमध्ये भाजायची), मागच्या महिन्यात एकदा बासा (तो फ्रोझन पाकिटात मिळणारा मासा) आणून करून बघितली तर व्हाइट सॉसचं पाणी पाणी झालं आणि वरचा बटाटा आत बसला. मासा कुठला घेऊ, वर बटाटा लावू का पेस्ट्री, किती आधी करून ठेवता येईल, आणि सासूबाई म्हणतात मासे आणि दूध एकत्र चालत नाही, त्याचं काय. मी ८ वर्षं मुंबईत हॉटेलच्या किचनमध्ये होते आणि नंतरची २० वर्षं इथं सोलापुरात घरगुती पार्ट्यांच्या ऑर्डरी करते, पाई दर वर्षी १०-१२ वेळा तरी होते, त्यामुळं जे हातानं केलंय तेच सांगते. उत्तर लांब होणारे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी ते पाण्याचं, कारण बाकी सगळं त्याच्यातच अडकलंय. तुमचा सॉस बिघडला नव्हता हो, सॉस बरोबरच होता, त्याच्यात नंतर पाणी मिसळलं. मासा शिजताना पाणी सोडतो, कोलंबी सोडते, फ्रोझन मटार सोडतो, आणि बटाटा पाण्यात उकडलेला असला तर तोही. ओव्हनमध्ये बंद थरात हे पाणी जाणार कुठं, ते सॉसमध्येच उतरतं. आपण आमटी-कालवण करताना हे लक्षातच येत नाही कारण तिथं पाणी आपणच घालतो, वर आलं तरी आटवता येतं. पाईत एकदा वर बटाट्याचं झाकण बसलं की आटायला वाव नाही. म्हणून ओव्हनमध्ये जायच्या आधीच प्रत्येक वस्तूतलं पाणी काढून टाकायचं, पाई म्हणजे निम्मं काम हेच.

माझी सोलापुरातली पहिलीच पाईची ऑर्डर मे महिन्यातली होती, २५ माणसांची, होटगी रोडला. मुंबईत जसं करायचो तसंच केलं, फक्त मासा फ्रोझन बासा घेतला कारण दुसरं काही मिळालं नव्हतं, आणि सॉस गरम असतानाच वर बटाटा पसरला कारण घाई होती. बाहेर काढली तेव्हा कडेनं पाणी तरंगत होतं आणि मधे बटाटा खड्ड्यासारखा खचलेला. पाहुण्यांनी वाट्यांमध्ये घेऊन चमच्यानं खाल्ली, चव चांगलीय म्हणाले, पण घरमालकीणबाईंचा चेहरा मला अजून आठवतो, त्यांनी महिनाभर आधी ठरवलेलं जेवण होतं ते. त्या दिवशी घरी येऊन मी एकेक वस्तू वजन करून तव्यावर शिजवून बघितली की कोण किती पाणी सोडतं. बासा सगळ्यात पुढं. फ्रोझन बासाच्या वर बर्फाचा थर असतोच आणि आतही पाणी धरलेलं असतं, अर्धा किलोच्या पाकिटातनं पाऊण वाटी पाणी मी स्वतः मोजलंय. तेव्हा बासा सोडा.

आता मासा. सोलापूर समुद्रापासून लांब, पण मासा इथं नवा नाही, १९८० ला उजनी झालं तेव्हापासून तर गोड्या पाण्यातला मासा घरचाच. पण उजनीचा कुठलाही मासा पाईला चालेल असं नाही हं. कटला, रोहू, मृगळ चवीला उत्तम, पण मांसात ते इंग्रजी वाय आकाराचे बारीक काटे असतात, ते तळलेल्या तुकडीत आपण सवयीनं काढतो, पांढऱ्या सॉसमध्ये बुडालेल्या फोडीत ते दिसतच नाहीत. पाहुण्यांच्या पानात काटा निघाला तर जेवणाची सगळी मजा गेली, आणि लहान पोरं असतील तर भीतीच. म्हणून नदीच्या माशात मी दोनच घेते. पहिला मरळ, मांस घट्ट, पांढरं, काटे कमी, शिजून फुटत नाही, पाणी कमी सोडतो. दुसरी चिलापी, स्वस्त, हल्ली जाळ्यात तीच जास्त येते, तिच्या फिलेमधून मधली एक काट्यांची रांग कापून काढली की झालं. चिलापीला कधीकधी मातकट वास येतो, तो मुख्यतः कातडीत आणि कातडीखालच्या लालसर काळपट पट्टीत असतो, कातडी काढा, ती पट्टी सुरीनं छिलून टाका, आणि तरी शंका वाटली तर आंबट ताकात १५ मिनिटं ठेवून मग दोन पाण्यांनी स्वच्छ धुवा. स्वच्छ म्हणजे स्वच्छ, आंबटपणा राहिला तर पुढं दूध फाटणार.

समुद्रातलं म्हणाल तर रावस पाईसाठी राजा आहे, मोठे पदर सुटतात, रसाळ राहतो. जिताडा मिळाला तर तोही तसाच छान. सुरमई सगळे सुचवतात पण मला पाईत ती कोरडी वाटते, सुरमई तव्यावरच शोभते. पापलेट यात घालू नका, महागाचा मासा, त्याची नाजूक चव सॉसमध्ये हरवते. आपल्याकडं समुद्राचा माल बर्फाच्या पेट्यांमधून येतो, म्हणून विक्रेत्याला शुक्रवारीच सांगून ठेवा की रविवारी सकाळी किलोभर बिनकाट्याचं मांस निघेल एवढा मासा हवाय. घेताना कल्ला उघडून बघा, लाल पाहिजे, तपकिरी नको, बोटानं दाबलं की खड्डा भरून आला पाहिजे. आणि कोलंबी नाकाशी नेऊन घ्या, लाजू नका. एकदा मी विश्वासानं बांधलेली पिशवी तशीच घरी आणली, उघडल्यावर अमोनियाचा वास, दीड किलो कोलंबी टाकून द्यावी लागली आणि संध्याकाळी ऑर्डर. तेव्हापासून दुकानातच पिशवी उघडून वास घेते, कितीही ओळखीचा असो. (जून-जुलैमध्ये समुद्रावरची यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा सरळ मरळवर या, फ्रोझनच्या मागं लागू नका.)

१० माणसांना बिनकाट्याचा मासा १ किलो, सोललेली कोलंबी ४०० ग्रॅम म्हणजे डोक्यासकट ८०० ग्रॅमच्या आसपास आणा, अंडी ५ (३ उकडायला, २ बटाट्यात), मटार दीड वाटी, फुल क्रीम दूध सव्वा लिटर, बटर दोनशे ग्रॅम, मैदा १०० ग्रॅम, बटाटे पावणेदोन किलो, चीज १५० ग्रॅम. मासे एकाच जातीचे घेण्यापेक्षा दोन जाती असल्या तर घासाघासाला फरक लागतो, मी ७०० रावस आणि ३०० मरळ असं करते.

कोलंबी शनिवारीच आणा, कारण तिची सालं आणि डोकी हाच या पाईचा खरा जीव आहे आणि लोक ती फेकून देतात! सोलून, पाठीतला काळा धागा काढून, कोलंबी चाळणीत ठेवून खाली भांडं, झाकून फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात. सालं-डोकी धुवून निथळून, पातेल्यात चमचाभर बटरवर मध्यम आचेवर परतायची, पाच-सात मिनिटांत केशरी होतात आणि घरभर वास सुटतो, मग त्यात १ लिटर दूध, एक कांदा अर्धा करून त्याला ३ लवंगा टोचून, २ तमालपत्रं, ८-१० मिरीदाणे. मंद आचेवर २० मिनिटं, उकळी फुटू द्यायची नाही, मग गाळून घ्या, दाबून गाळा. दूध फिकट गुलाबीसर दिसेल. विलायतेत हीच चव यायला धुरी दिलेला हॅडॉक मासा दुधात शिजवतात आणि त्याच दुधाचा सॉस करतात, तो मासा आपल्याकडं नाही, पण ही सालं ते काम फार सुंदर करतात. आणि धूर पाहिजेच असेल तर आपल्याकडं कोळशाचा धुंगार आहेच की, तयार सॉसच्या मधे वाटीत लाल निखारा, वर तुपाचे चार थेंब, झाकण, दोन-अडीच मिनिटं. पाच मिनिटं ठेवू नका, सॉस कडवट होतो.

मासळीला आपण हात लावला की लिंबू-हळद-मीठ चोळतो, ती सवय या दिवशी बाजूला ठेवा. लिंबू लागलेला मासा दुधाच्या सॉसमध्ये गेला की सॉस फाटतो, दाणेदार होतो, मग काही करा जुळत नाही. लिंबाचा वास पाहिजे तर पिवळी साल किसून घाला, रस नाही. चिंच-कोकमाचं तर नावच नको.

सॉस: १०० ग्रॅम बटर, १०० ग्रॅम मैदा, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर तीन मिनिटं भाजा, रंग बदलू द्यायचा नाही, फक्त कच्चा वास जाऊन बिस्किटासारखा वास आला पाहिजे. मग गाळलेलं कोमट दूध पळीपळीनं, प्रत्येक पळीनंतर एकजीव होईपर्यंत ढवळून पुढची, तारेची रवी असेल तर ती वापरा. सगळं दूध गेल्यावर उकळी येऊ द्या आणि उकळी आल्यावर सहा-सात मिनिटं मंद ठेवा. इथं बऱ्याच जणी चुकतात, घट्ट दिसलं की गॅस बंद करतात, पण मैदा पुरता शिजला नाही तर सॉस नंतर पातळ होतो आणि जिभेला पिठूळ लागतो. हा सॉस तुम्हाला जरा जास्तच घट्ट वाटेल, पिठल्यापेक्षा किंचित सैल, चमच्यावरनं जड पडणारा. तसाच पाहिजे, कारण आपण कितीही पाणी काढलं तरी मासा थोडं सोडणारच आणि तेवढ्यानं तो बरोबर होतो. त्यात पाव चमचा जायफळ, पांढरी मिरी, आणि एक चमचा मोहरीची पूड दोन चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून. मोहरीनं सॉसचा जडपणा कापला जातो, ती टाळू नका. मीठ आत्ता नाही. अमूल बटर खारट असतं, चीज खारट, मासा मिठात ठेवणार आहोत, म्हणून शेवटी चाखूनच.

पार्सली शोधत फिरू नका. आपल्या भाजीबाजारात शेपू येतो, माशाला त्याच्यासारखी पालेभाजी नाही, युरोपातही माशाबरोबर शेपूच घालतात आणि आपण मात्र मूगडाळीत घालून मोकळे होतो. कोवळी पानं तेवढी, देठ अजिबात नाही, बारीक चिरून तीन चमचे, सॉस गार झाल्यावर. कोथिंबीर घातली तर चव एकदम आपल्या कालवणाकडं वळते, मला ती यात आवडत नाही. गरम मसाला, काळा मसाला, आलं-लसूण पेस्ट यातलं काही नको. तिखटाची हौस कडेला भागवू, त्यावर पुढं येते.

बरं, हा सॉस पूर्ण गार करायचा, वर साय धरू नये म्हणून बटर पेपर किंवा क्लिंग फिल्म सॉसला चिकटवूनच लावायची, रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी तो थिजून गोळ्यासारखा झालेला असेल, घाबरू नका, तसाच पाहिजे, थिजलेल्या सॉसवर बटाटा बसतो, गरम सॉसवर बुडतो. तुमचा बटाटा बुडाला त्याचं निम्मं कारण हे होतं, माझंही तेव्हा हेच झालेलं.

रविवारी सकाळी मासा आला की पुसून मोठ्या फोडी करा, दीड-दोन इंचाच्या, लहान केल्या तर शिजून भुगा होतो. किलोला दीड चमचा मीठ हलक्या हातानं लावून चाळणीत २० मिनिटं, फ्रीजमध्येच. खाली किती पाणी जमतं ते बघाच, तेच पाणी मागच्या वेळी तुमच्या सॉसमध्ये होतं. मग धुवायचा नाही, स्वच्छ पंचानं दाबून कोरडा करायचा. मासा आधी शिजवून घेऊ नका, ओव्हनमध्ये तो दुसऱ्यांदा शिजतो आणि चोथा होतो, कच्चाच जाऊ द्या. कोलंबीचं मात्र वेगळं, ती फार पाणी सोडते, म्हणून खूप तापलेल्या कढईत चमचाभर बटरवर थोडी थोडी टाकून एक मिनिट, आकडा व्हायला लागली की बाहेर, आतनं कच्चटच राहू द्या. कढईत उरलेलं पाणी दोन चमचे होईपर्यंत आटवून सॉसमध्ये घाला, तो अर्क आहे. मटार फ्रोझन असेल तर नुसता चाळणीत सुटू द्या आणि पुसा, हिवाळ्यातला ताजा असेल तर दोन मिनिटं वाफवा. अंडी आठ मिनिटंच उकडा, चार फोडी करा, तेरा-चौदा मिनिटं उकडलेलं अंडं परत ओव्हनमध्ये गेलं की रबर होतं.

बटाट्याची निवड लोक मनावर घेत नाहीत पण घ्या. नवा बटाटा, ज्याची साल नखानं निघते, तो चिकट आणि पाणचट असतो. जुना घ्या, जाड सालीचा. कुकरमध्ये खाली पाणी, वरच्या डब्यात बटाटे सालीसकट, डब्यात पाण्याचा थेंब नको. शिजल्यावर सोलून, गरम असतानाच ताटात मोडून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग किसणीवर किसा किंवा पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्र यासाठी उत्तम आहे, विलायती रायसर म्हणतात ते दुसरं काय. मिक्सरला लावलात तर डिंक होईल, परत सुधारता येणार नाही. किसलेल्या गरम बटाट्यात आधी ७५ ग्रॅम बटर मिसळा, मग गरम दूध लागेल तसं, पाऊण कप वगैरे, मग दोन अंड्यांचे पिवळे आणि निम्मं चीज.

पेस्ट्रीचं विचारलंत. मार्च सरत आलाय, दुपारी घरात काय उष्मा असतो ते तुम्हाला सांगायला नको, बटर ३२-३५ डिग्रीला वितळतं आणि पेस्ट्रीचं सगळं तंत्र बटर थंड राहण्यावर आहे. एसी नसलेल्या स्वयंपाकघरात या दिवसांत हातानं पेस्ट्री करायचा हट्ट धरू नका. हौसच असेल तर ओळखीच्या बेकरीत विचारा, पॅटीस करतात त्या कच्च्या पिठाची लाटलेली शीट बरेच जण सांगून ठेवलं तर देतात, ती फक्त वर झाकण म्हणून लावायची, खाली नाही, खाली लावली तर ओली राहून कच्चट लागते. मधे दोन चिरा वाफ जायला, वरून अंडं फेटून, २०० डिग्री. आणि त्या शीटमध्ये बहुतेक वनस्पती तूप असतं, बटर नाही, चव त्या मानानंच. मला विचाराल तर पहिल्यांदा पाहुण्यांपुढं बटाट्याचीच न्या. मऊ सॉस, वर खरपूस बटाटा, हे एकमेकांना धरून आहे.

रचताना: तुमचा ओटीजी (ओट्यावरचा विजेचा ओव्हन) ४० लिटरचा म्हणालात, ९ बाय १३ इंचाचा ट्रे आत जातो का ते आत्ताच मापून बघा, रविवारी नको. नसेल जात तर ८ इंचाचे दोन करा. काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये गेलं तर तडकू शकतं, म्हणून मी ॲल्युमिनियमचे ट्रे वापरते, दिसायला साधे पण बिनधास्त. गार सॉस चमच्यानं थोडा सैल करून त्यात मासा, कोलंबी, मटार हलक्या हातानं, ट्रेमध्ये पसरून मधे मधे अंडी खोचा. बटाटा गार झाल्यावर आधी कडेनं लावत या, कडा बंद करा, मग मध्यावर, मधून सुरू केलं तर सॉस कडेनं वर येतो. काट्या-चमच्यातल्या काट्यानं वर रेघा ओढा, उंचवटे खरपूस होतात. उरलेलं चीज वर. झाकून फ्रीजमध्ये.

हे दुपारी १ पर्यंत तयार होऊ शकतं आणि मग ओटा धुवून, साडी बदलून बसायला मोकळ्या, पाहुण्यांसाठी पाई करायची ती याचसाठी! पण कच्चा मासा आत आहे हे विसरायचं नाही, रचलेली पाई फ्रीजबाहेर राहता कामा नये, बाहेर ३२ डिग्रीच्या वर असेल तर मासळीला एक तास म्हणजे पुष्कळ झाला. रविवारी केली तर रविवारीच खायची, आदल्या रात्री रचून ठेवू नका.

पाहुणे ८ ला येणार तर ६.४५ ला ओटीजी वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून १९० वर १५ मिनिटं तापवा, ७ ला पाई आत, मधल्या कप्प्यात. फ्रीजमधून निघालेली असते म्हणून ४५-५० मिनिटं. रंग बघून काढू नका, वरचा बटाटा लाल झाला तरी मधला मासा कच्चा असू शकतो. कडेनं सॉसचे बुडबुडे दिसले पाहिजेत, आणि सुरीचं टोक मध्यावर तळापर्यंत खुपसून पाचेक सेकंद ठेवून मनगटाला लावा, चटका बसला पाहिजे. थर्मामीटर असेल तर ७० च्या वर. रंग कमी वाटला तर शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. काढल्यावर १५ मिनिटं हात लावायचा नाही, सॉस तेवढ्यात बसतो, लगेच वाढली तर पुन्हा तुम्हाला पातळ वाटेल. आणि लाईटचं बघा, ओटीजी दीड-दोन हजार वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. लाईट जाते असा तुमचा भाग असेल तर अर्धा-पाऊण तास आधीच लावा आणि झाकून ठेवा, उशिरापेक्षा ते बरं.

सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका, चरकसंहितेत मासे आणि दूध हा विरुद्ध आहार सांगितलाय, त्यांनी ते कुठूनतरी काढलेलं नाही. त्यानं कोड येतं असं म्हणतात ते मात्र खरं नाही, कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटण्याचा प्रकार आहे, जेवणातल्या मासे-दुधाचा त्याच्याशी संबंध नाही, जगात कितीतरी देशांत पिढ्यान्‌पिढ्या हे एकत्र खातात. पण ज्यांचं मन घेत नाही त्यांच्या पानात ते वाढायचं नाही, हे माझं ठाम मत आहे. पाहुण्यांनाही आधी सांगा की यात दूध आणि मासे दोन्ही आहेत, आणि कोलंबी आहे हेही, कोलंबीची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते आणि वाढल्यावर कळून उपयोग नाही. सासूबाईंसाठी त्याच माशाची वाटीएवढी पाई नारळाच्या घट्ट दुधात करा, बटरऐवजी तेलात मैदा भाजून, सालंही तेलातच परतून त्या नारळाच्या दुधात, वरच्या बटाट्यात बटर-दूध-चीज नाही, थोडं नारळाचं दूधच. मी एका आजींना अशी करून दिली होती, त्यांनी दुसऱ्यांदा मागितली.

ऑफिसातली १० माणसं म्हणजे आपल्या सोलापुरात दोन-तीन तरी शाकाहारी निघणारच. त्यांच्यासाठी सालं घालायच्या आधी दूध वेगळं काढा, तेवढं दूध जास्तीचं आणा, वेगळ्या पातेल्यात सॉस, त्यात मशरूम आणि मका. मशरूम मोठ्या आचेवर पाणी सुटून पूर्ण आटेपर्यंत परता, तेही माशासारखंच पाणी सोडतं. त्यांचा बटाटा अंडं न घालता, ट्रे वेगळा, चमचा वेगळा, आणि टेबलावर लांब ठेवा. ओव्हनमध्येही ती आधी भाजून काढा.

बरोबर काय? पाई जड आहे, भात-चपाती नको. काकडी-कांद्याची लिंबू पिळलेली कोशिंबीर, आंबट पाहिजेच काहीतरी. आणि कडक भाकरीचे तुकडे. हसू नका, सॉसमध्ये बुडवून खाऊन बघा, मुंबईहून आलेल्या माझ्या एका पाहुण्यांनी पाव बाजूला सारून भाकरीच संपवली. तिखट खाणाऱ्यांना हिरव्या मिरचीचा ठेचा वाटीत कडेला. शेंगाचटणी पाईवर भुरभुरायचा मोह होईल, एका बाईंनी माझं न ऐकता बेक करायच्या आधी भुरभुरली, वरच्या रॉडखाली ती करपून सगळ्या बटाट्याला कडू वास लागला. खायची तर ताटात, भाकरीबरोबर.

उरली तर रात्रीच लगेच फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी एकदाच आणि पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा. मी मात्र गरम करत नाही, सगळं एकत्र कुस्करून, थोडा ब्रेडचा चुरा घालून चपट्या टिक्क्या करते आणि रव्यात घोळवून तव्यावर खरपूस भाजते, सोमवारच्या डब्याला माझी पोरं त्याचसाठी पाईचा एक कोपरा आधीच राखून ठेवायला सांगायची.

रावस मिळाला का मरळ, ते शनिवारी कळवा. मरळ असेल तर ओव्हनमध्ये पाचेक मिनिटं जास्त लागतात, त्याचं मांस घट्ट असतं.